बाविसावी तार

रेडिओवाले काका आले ते उजवा हात खिशात घालून. नमस्कारसुद्धा डाव्याने केला.

“दुकान बंद करतोय,” म्हणाले. “हात कापायला लागलाय, आता कामाचा राहिला नाही. फक्त एकदा बघून सांग, चूक माझीच ना?”

ज्याला विचारलं तो चिमटा. खाजगी डिटेक्टिव्ह, एकदा धरलं की सोडत नाही. त्याचा जोडीदार गोटू चहा संपल्याशिवाय डोकं चालवत नाही, आणि चहा त्याचा संपत नाही.

प्रकरण होतं एका बाईंच्या जुन्या रेडिओचं, गेलेल्या नवऱ्याच्या आठवणीचं. आतल्या तारांवरचं रबर हात लावला की भुगा व्हायचं. काकांची पद्धत ठरलेली: एक जुनी तार काढायची, तेवढीच नवी लावायची, मगच पुढची. जुन्या तारा डब्यात घालून गिऱ्हाइकाला परत. बावीस काढल्या, एकवीस लावल्या. डायलचा दिवा कुठे मिळाला नव्हता, म्हणून त्याची तार पुढच्या आठवड्यावर ठेवली. काल सकाळी रेडिओ घरपोच केला. संध्याकाळी लावला, तर धूर.

तिघं बाईंकडे गेले. बाईंना आठवत होतं ते एवढंच, की गाणं लागलं, स्टेशनांची नावं लख्ख उजळली आणि जळका वास आला. त्यांनीच प्लग उपटला.

त्यांचे दीर म्हणाले, हे खोकं भंगारात द्या असं मी कधीचा सांगतोय. गोटूने लगेच चिमट्याला कोपर मारलं. पण दीरांना शॉकची एवढी धास्ती, की घरातली बटणंही ते काठीने दाबायचे.

जावई म्हणाला, “मला काय माहीत? मी दुपारभर जुन्या बाजारात होतो.”

रेडिओमागे टेबलावर काळा भुगा सांडला होता. चिमट्याने तारांचा डबा मागवला आणि गोटूला मोजायला बसवलं. गोटूने दोनदा मोजल्या. एकवीस.

“काका,” चिमटा म्हणाला, “तुम्ही न लावलेला दिवा काल उजळला कसा? दिवा आला जुन्या बाजारातून, तार या डब्यातून. सरळ असते तोवर ती धडधाकट दिसते. कोपऱ्यात वाकवली की रबर गळतं आणि उघडी तार पत्र्याला टेकते. काय जावईबापू?”

जावई कानापर्यंत लाल झाला. “काल सासूबाईंच्या लग्नाचा वाढदिवस होता. म्हटलं, अंधारा रेडिओ कसा द्यायचा?”

मागची फळी उघडली. आत एकच तार जळालेली, तीही जुनी. काकांच्या एकवीसच्या एकवीस कोऱ्या करकरीत.

काकांनी मोठा श्वास सोडला. मग उजवा हात खिशातून काढून जावयापुढे धरला.

“दिवा झकास शोधलास. आता माझ्या पिशवीतली नवी तार दे, आणि चार पावलं लांब उभा राहा.”

हात तसूभरही हलत नव्हता.

तासाभराने डायल पुन्हा उजळली. बाईंनी डोळे पुसले. दीर काठी घेऊन दारातच उभे होते.

“आवाज वाढवा की जरा,” ते म्हणाले.