बारावं पान

गोधडीवरचं बारावं पान बाकीच्या अकरांपेक्षा किंचित निळं होतं. उन्हात धरलं तरच कळे.

मळवली स्टेशनवर टांगा हाकणारा अब्दुल एकदा पाऊस चुकवायला आमच्या वळचणीला थांबला. काखेत त्याच्या गेलेल्या आईची हिरवी ओढणी होती. मला शिवताना बघून म्हणाला, “हिची गोधडी करशील?”

ओढणीवर मी पांढरं कापड टाचलं. पांढरं पानाच्या आकारात कातरायचं, कडा आत मुडपून शिवायच्या; खालचा हिरवा रंग पान होऊन दिसतो. कातरण्याआधी फक्त वरचा थर चिमटीत उचलायचा, एवढंच जपायचं.

बारावं पान कातरत होते, तेव्हा तो पुन्हा दारात. केसांतून पाणी निथळत होतं.

“झाली का?”

“रोज इचारता… घोडं कंटाळलं न्हाई?”

“घोडं म्हणतं, हितंच बांध मला.”

मी हसून वर पाहिलं. चिमटी सुटली — कातर ओढणीतून आरपार गेली.

त्याला दिसलं नाही. तो गेल्यावर मी खाली मी घरात नेहमी घ्यायचे त्या जुन्या, निळसर हिरव्या ओढणीचा तुकडा लावला, आणि गप्प बसले.

गोधडी नेल्यावर आठवड्यात त्यानं माझ्या खालामार्फत, म्हणजे मावशीमार्फत, मागणी घातली. दोन महिने मी उत्तर दिलं नाही.

“पोरी, टांगेवाला म्हातारा व्हईल,” खाला चिडवायची. ते कातरलेलं पान आठवून माझी मान वर होत नसे.

शेवटी तोच आला, गोधडी घेऊन.

“नको असंल तर सांग. पन मग हे पान का घातलंस?”

“कुटलं?”

“बारावं. तुज्या ओढणीचं. मी तवाच वळखलं. वाटलं, तोंडानं बोलत न्हाई, पन होकार शिवलाय… म्हनून तर खालाला गाठलं.”

गप्प राहिले असते, तर सगळं निभावलं असतं.

“होकार नव्हता त्यो. तुमच्या आईची ओढणी कातरली माज्याकडनं. लपवायला ठिगळ लावलं.”

त्याचं बोट पानावरून फिरलं, थांबलं.

“म्हंजी… मीच येडा.” तो गोधडी गुंडाळू लागला.

मी तिचं टोक धरलं.

“कातर का घसरली, इचारलं न्हाई तुमी.”

“का?”

“तुमी दारात हुता. तुमच्याकडं बघत हुते.”

त्यानं गोधडी गुंडाळायची थांबवली. मी मान वर केली.

“ती चूक हुती. हे मातुर समजून-उमजून सांगते… कबूल हाय मला.”