बंब्याचे तीन रिकामटेकडे मेंदू

बंब्याच्या पोटात चार मेंदू होते आणि तरीही तो गोगलगाईसारखा चालत होता. एकच मेंदू होता तेव्हाही त्याची चाल एवढीच होती. मग नवे मेंदू दिवसभर करत तरी काय होते? शाल्मलीला हे कोडं सुटत नव्हतं. पण खरं सांगायचं तर कोड्यापेक्षा तिला दुसरंच काहीतरी छळत होतं. समोरच्या वाफ्यात किमयाची चपला काम करत होती.

चंद्रावरच्या शीतलवाडीत काचेच्या घुमटाखाली मेथी, पालक आणि टोमॅटो पिकायचे. वस्तीतल्या प्रत्येक मुलाकडे एक वाफा आणि मदतीला एक यंत्रमानव. किमयाची चपला नवीकोरी, चंदेरी. रोपं मोजणं, पाणी घालणं, कीड टिपणं, सगळं एकदम आणि तेही आवाज न करता. शाल्मलीचा यंत्रमानव जुना आणि गोलमटोल. जरा काम पडलं की तापायचा, पंखा घरघरायचा, म्हणून तर त्याचं नाव बंब्या. चपलाचं कुणी कौतुक केलं की शाल्मलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. किमया मुद्दाम मिरवत होती असं नाही, पण शाल्मलीला तिचं साधं हसणंसुद्धा टोचायचं.

म्हणूनच तिने अनघाआत्याच्या मागे भुणभुण लावली होती. आत्या वस्तीची वीजशास्त्रज्ञ. दहा दिवसांपूर्वी तिने बंब्याला चार प्रोसेसर (हिशेब करणारे मेंदू) असलेली नवी पाटी बसवून दिली. "सेटिंग उद्या निवांत करू गं," ती म्हणाली. पण उद्यापर्यंत थांबेल ती शाल्मली कसली! तिने जुनी सेटिंगं जशीच्या तशी नव्या पाटीवर उतरवली, वेगाचा काटा शेवटपर्यंत सरकवला आणि 'काम नसताना झोप' या ओळीवर फुली मारली. आता चपलाची जिरवायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आत्याने नंतर विचारलं, तेव्हा "झालं की!" म्हणून मोकळी झाली.

आता ते अंगाशी आलं होतं. चंद्रावर रात्र चौदा दिवसांची. तेवढे दिवस ऊन नाही आणि नवी वीजही नाही, साठवलेल्या विजेवरच वस्तीने भागवायचं. म्हणून सूर्य मावळण्याआधी प्रत्येक यंत्रमानवाची चाचणी व्हायची. जो जास्त वीज खाईल, त्याचे भाग सुटे करून कपाटात ठेवायचे.

आत्याने बंब्याला मीटर लावलं. लाल दिवा लागला.

"नापास," ती म्हणाली. "सूर्य मावळायच्या आत पुन्हा एकदा तपासते. पण माझी भाची म्हणून सवलत नाही हं."

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने बंब्याचा हात घट्ट धरला. "चपलाला कुणी असं म्हणत नाही! सगळं चांगलं तिच्याच वाट्याला!"

"चपलाचं राहू दे. हा का तापलाय ते बघू." आत्याने बंब्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. "बाई गं! याच्यावर चहा होईल. कुणी केली याची सेटिंगं?"

शाल्मली टोमॅटोची पानं निरखू लागली. बंब्या मात्र प्रामाणिक. "शाल्मलीताईंनी," तो म्हणाला.

आत्या हसू दाबत खाली बसली. तिने पडदा उघडला. त्यावर चार चौकोन होते. एक लालबुंद, तीन काळे.

"हे बघ. आपल्या मुदपाकखान्यात चार जणी पोळपाट-लाटणं घेऊन बसल्यात. पण काम वाटणाऱ्याला एकीचंच नाव ठाऊक आहे. मग काय होईल?"

"एकटीच लाटत बसेल. बाकीच्या गप्पा मारतील."

"तेच झालंय. काम वाटणारा म्हणजे प्रोसेसरचा ड्रायव्हर (यंत्राच्या भागांशी बोलणारी आज्ञावली). तू उतरवलास तो एकाच मेंदूच्या काळातला. बाकीचे तिघे आहेत हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नाही. आणि एकटा मेंदू धावून धावून इतका तापतो की पुन्हा मंदावतो."

"पण चौघं कामाला लागले तर चौपट वीज खातील ना?"

"छान विचारलंस. पाण्याची बादली घेऊन जिना धावत चढ. नाही तर चार जणी, प्रत्येकी एक तांब्या, सावकाश चढा. दम कशात लागेल?"

"धावण्यात."

"मेंदूंचंही तसंच. वेग दुप्पट केला की वीज दुपटीहून जास्त लागते. चौघांनी सावकाश केलं तर काम लवकर उरकतं आणि वीजही वाचते. अर्थात एकच पोळी चौघींना लाटता येत नाही, तशी काही कामं वाटताच येत नाहीत. ती एकालाच करू द्यायची."

"आणि काम संपलं की?"

"तिघांनी झोपायचं. चौथ्याने एक कान उघडा ठेवून डुलकी काढायची. हाक मारली की उठायला क्षणभर लागेल, तेवढं चालवून घ्यायचं. याला म्हणतात वीजव्यवस्थापन (लागेल तेव्हाच, लागेल तेवढीच वीज वापरणं)."

शाल्मलीने स्वतःच्या हाताने चार मेंदूंचा ड्रायव्हर निवडला, वेगाचा काटा मागे आणला आणि झोपेवरची फुली काढली. पडद्यावरचे चारही चौकोन हिरवे झाले. बंब्याचा पंखा थांबला. त्याने पूर्ण वाफ्याला पाणी घातलं, मान खाली घातली आणि झोपी गेला. मीटरचा दिवा हिरवा!

शाल्मलीने बंब्याला मिठी मारली. आत्या मीटर घेऊन समोरच्या वाफ्याकडे गेली आणि थोड्याच वेळात तिकडून किमयाच्या रडण्याचा आवाज आला. चपलाच्या मीटरवर लाल दिवा होता.

शाल्मलीला आनंद झाला. अगदी आतून, गुदगुल्या व्हाव्यात तसा. बरं झालं, आता सगळ्या वाफ्यांत बंब्याच पहिला! चपलाच्या पडद्यावर तिने लांबूनच नजर टाकली. चौकोन चारही हिरवे होते, पण झोपेच्या ओळीवर फुली होती. तिला चूक कळली होती. फक्त गप्प राहायचं होतं.

पण किमया चपलाचा हात सोडत नव्हती, आणि मघाशी शाल्मलीनेही बंब्याचा हात असाच धरला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"तिला झोपू दे," ती पुढे होऊन म्हणाली. "ती फुली काढ. तू का मारलीस?"

किमयाने नाक पुसलं. "तुझ्यामुळे! तुझा बंब्या गेले दहा दिवस झोपायच्या वेळीही जागा असतो, तुझ्याशी गप्पा मारतो, मला भिंतीतून ऐकू येतं. माझी चपला काम झालं की झोपायची. मला इतका हेवा वाटायचा तुझा! म्हणून मी तिला झोपूच दिलं नाही. पण ती बोलत नाही गं, नुसती बघत बसते."

शाल्मलीने वळून झोपलेल्या बंब्याकडे पाहिलं. हेवा, आणि आपला? बंब्याचा?

फुली निघाली. आत्याने पुन्हा मीटर लावलं आणि चपलाचाही दिवा हिरवा झाला. घुमटाच्या काचेपलीकडे सूर्य टेकडीआड गेला. पुढचे चौदा दिवस मेथीला जपायचं होतं, आणि आता तेवढी वीज पुरणार होती.

बंब्या आणि चपला शेजारी शेजारी मान खाली घालून झोपले. गप्पा मारायला आता दोघीच उरल्या होत्या. शाल्मलीने किमयासाठी थोडी जागा केली आणि म्हणाली, "बस ना."