क्लॅरिनेटचे बावीस सेकंद

सुरुवात अगदी साधी झाली. घशाच्या गोळ्या संपल्या होत्या, म्हणून टकळी दुपारी साडेतीनला खाली औषधांच्या दुकानात गेला. दुकानदार गोळ्या शोधत होता तेवढ्यात टकळीनं रांगेतल्या एका काकांना उद्याचं हवामान सांगितलं, एका बाईंना गुडघेदुखीवर व्यायाम सुचवला आणि सुटे पैसे घेता घेता दुकानदाराला "ऐकत राहा" असंही बजावलं. लिफ्टमध्ये वर येताना तो एकटाच होता. तरी बोलत होता.

टकळी हे त्याचं रेडिओवरचं नाव. खरं नाव ओळखपत्रावर होतं आणि तिथंच पडून होतं. दुपारी चार ते सहा तो गाणी लावायचा आणि गाण्यांवर बोलायचा. गाण्यांविषयी नव्हे, गाण्यांवर. गाणं सुरू झालं की आधी वाद्यं वाजतात, मग गायक येतो. ही मधली जागा टकळीची. समोरच्या पडद्यावर गायक यायला किती सेकंद उरले ते उलटे मोजले जायचे. तीन, दोन, एक... आणि एक संपता संपता टकळीचं वाक्य संपायचं. त्याचा शेवटचा शब्द आणि गायकाचा पहिला श्वास यांच्यामध्ये कागदसुद्धा सरकला नसता. चार वर्षांत त्याचा एकाही गायकाच्या शब्दावर पाय पडला नव्हता, आणि याचा त्याला भयंकर अभिमान होता.

खरं सांगायचं तर यात अभिमान कसला? दुसऱ्याच्या अंथरुणावरून चपला घालून चालायचं आणि उशीवर पाय पडला नाही म्हणून टाळ्या मागायच्या! पण रेडिओत हीच कला मानतात. स्टुडिओच्या दारावर केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : 'रिकामी सुरुवात म्हणजे पळालेला श्रोता.'

त्या शुक्रवारी मुख्य कार्यालयातले मोठे साहेब चार वाजता टकळीला ऐकणार होते. सकाळचा कार्यक्रम कुणाला द्यायचा ते आज ठरणार होतं. सकाळी सगळं शहर ऐकतं. दुपारी ऐकतात ती जेवून आडवी झालेली माणसं आणि दुकानांतले पंखे. चार वर्षं पंख्यांशी बोलून टकळी कंटाळला होता. त्याला सकाळ हवी होती. इतकी, की आदल्या रात्री झोपेत त्यानं आईला तीनदा "सुप्रभात" म्हटलं होतं.

चारला दहा कमी असताना स्टुडिओतला फोन लुकलुकला.

"हॅलो, टकळी बोलतोय! कुठलं गाणं ऐकवू?"

"गाणं नको," पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. "गाण्याच्या आधीचं हवंय."

"म्हणजे?"

"दर शुक्रवारी तुम्ही पहिलं ते होडीचं जुनं गाणं लावता ना? त्याच्या सुरुवातीला क्लॅरिनेट आहे. ते आमच्या ह्यांनी वाजवलंय. बावीस सेकंद. जन्मभर वाजवलं, पण तबकडीवर आलं ते एवढंच. नाव तर तेवढंही नाही आलं. घरातली तबकडी फुटली. आता रेडिओवर लागतं तेव्हाच काय ते ऐकायचं, तर तुम्ही त्यावर बोलता."

"आजी, त्याचं काय आहे की आमच्या इथं..."

"हेच! हेच करता तुम्ही."

टकळी गप्प झाला. म्हणजे दीड सेकंद.

"हे आजारी होते तेव्हा रेडिओ उशाशी घेऊन पडायचे," आजी म्हणाल्या. "मला म्हणायचे, थांब, हा मुलगा दम घ्यायला कुठंतरी थांबेल, मग मी ऐकेन. तुम्ही थांबलाच नाहीत हो. मागच्या शुक्रवारी तुमचा कार्यक्रम चालू असतानाच गेले. तुम्ही मोजे कसे धुवावेत ते सांगत होतात."

टकळीला ते मोजे आठवले. आणि उगाचच हसू आलं, आणि हसू आलं म्हणून लाज वाटली.

"आजी, आज मी अजिबात बोलणार नाही. बावीस सेकंद तोंड बंद. वचन देतो."

"बघा हं," आजी म्हणाल्या. "हे स्वभावानं चांगले होते, पण दिलेलं वचन मोडलं की डोक्यात राख घालून घ्यायचे."

फोन ठेवला तेव्हा टकळीचा निश्चय पक्का होता. चारला एक मिनिट कमी असताना काचेपलीकडून मॅडमनी खूण केली : साहेब ऐकायला बसलेत. मग त्यांनी बोटं चोचीसारखी उघडमीट करून दाखवली. बोल. भरपूर बोल. मॅडमशेजारी यंत्रावर बसलेले दादा, म्हणजे तिथले सर्वांत जुने तंत्रज्ञ, घड्याळाकडं बघत होते.

चार वाजले. गाणं सुटलं. क्लॅरिनेटचा पहिला स्वर पाण्यावर काठी ठेवावी तसा अलगद आला, आणि टकळीचं वचन नेमकं चार सेकंद टिकलं.

"नमस्कार मंडळी! दुपार उतरणीला लागलीय, तुमच्यासोबत आहे तुमचा लाडका टकळी, आणि आज मी सांगणार आहे छत्री वाळवण्याची योग्य पद्धत..."

तीन. दोन. एक. वाक्य नेमकं संपलं. टकळीनं हात उचलून स्वतःलाच शाबासकी दिली.

गायिका आलीच नाही.

क्लॅरिनेट पुन्हा पहिल्या स्वरावर गेलं. पडद्यावर आकडा आला : बावीस.

आता रेडिओवाला माणूस विंचवाला भिणार नाही, पण शांततेला भितो. टकळीनं जागा रिकामी दिसताच पुन्हा तोंड उघडलं. छत्री राहिली होती, ती वाळवली. तीन, दोन, एक. गायिका नाही. बावीस.

"दादा," त्यानं आतल्या फोनवर दबक्या आवाजात विचारलं, "गाणं अडकलंय का?"

"काही अडकलेलं नाही," दादा म्हणाले. "सरळ पुढं चाललंय."

"मग गायिका कुठं आहे?"

दादांनी यंत्राला कान लावला. "...थांबलीय."

"कशासाठी?"

"मला कशाला विचारतोस बाबा? तुझं संपायची वाट बघत असेल."

तिसऱ्या फेरीला टकळीनं मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. चौथ्या फेरीला त्याच गुडघ्याचं पुन्हा सांगितलं, कारण दुसरं काही सुचेना. पाचव्या फेरीला त्याच्या लक्षात आलं की क्लॅरिनेट आता दोन्ही कानांत नाही. फक्त डाव्या कानात आहे. आणि हेडफोनमध्ये नाही, हेडफोनच्या बाहेर आहे.

डावीकडं पाहुण्यांची खुर्ची होती. रिकामी. पण तिच्यासमोरच्या माईकचा लाल दिवा लागला होता आणि स्वरागणिक त्या माईकचा आवाज मोजणारी सुई हलत होती. स्टुडिओला खिडक्या नव्हत्या, भिंतींना जाड गादी लावलेली होती, बाहेरचा चिमणीएवढा आवाजही आत यायचा नाही. त्या बंद हवेत हळूहळू वास पसरला. ओल्या लाकडाचा. त्यात छातीला लावायच्या मलमाचा. मग स्वर आणि स्वर यांच्या मधे टकळीला एक श्वास ऐकू आला. लांब, घरघरता... पुढच्या फुंकीसाठी छाती भरणारा.

"काका..." टकळी कुजबुजला. "तुम्ही आहात का?"

क्लॅरिनेट एकदम थांबलं. पहिल्या स्वरावर गेलं. बावीस.

म्हणजे हे बोलणंसुद्धा चालत नव्हतं.

आता टकळीला उमगलं की काय करायचं. काही करायचं नव्हतं. नुसतं बावीस सेकंद गप्प बसायचं. माणसं पोहत नद्या पार करतात, डोंगर चढतात, लग्नं निभावतात. बावीस सेकंद म्हणजे काय! त्यानं ओठ मिटले. पाच सेकंद झाले. दहा. चौदाव्या सेकंदाला त्याच्याही नकळत तोंडातून गेलं, "आणि मंडळी..."

बावीस.

पुढच्या फेरीला त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. एकोणीस सेकंद निघाले. मग घशात खवखव झाली, तो खोकला, आणि चार वर्षांच्या सवयीनं म्हणाला, "माफ करा."

पाहुण्यांच्या खुर्चीतून उसासा आला. खुर्ची किंचित करकरली, कुणी पुढं सरकून बसावं तशी. मलमाचा वास आता अगदी जवळ होता. इतका, की टकळीच्या डाव्या गालाला गार वारा लागत होता आणि दर फुंकीला तो वारा थोडा ओला होत होता.

टकळीनं खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि घशाच्या सगळ्या गोळ्या तोंडात कोंबल्या. बाराच्या बारा. डोळ्यांतून पाणी आलं, गाल फुगले, जीभ जागच्या जागी अडकली.

आणि मग, चार वर्षांत पहिल्यांदा, त्यानं ते ऐकलं.

पाण्यावर काठी नव्हती ती. कुणीतरी किनाऱ्यावर उभं होतं आणि लांब गेलेल्या होडीला हाक मारत होतं, पण मोठ्यानं नाही, होडीतल्याला परत वळावं लागू नये इतक्या बेतानं. सतराव्या सेकंदाला स्वर जरासा कातरला. चूक नव्हती ती. वाजवणाऱ्याचं मन भरून आलं होतं, आणि त्यानं ते तसंच राहू दिलं होतं. दर शुक्रवारी टकळी याच जागी स्वतःचं नाव सांगायचा. गायिका पुढं दोन कडव्यांत जे आळवणार होती ते सगळं या माणसानं आधीच सांगून टाकलं होतं, आणि तबकडीवर त्याचं नावही नव्हतं. टकळीला संताप आला. मग कळलं की संताप करण्यासारखा माणूस खोलीत एकच आहे, आणि त्याच्या तोंडात बारा गोळ्या आहेत.

तीन. दोन. एक.

गायिका आली.

गाणं संपलं तेव्हा घड्याळात चार वाजून चार मिनिटं झाली होती. टकळीला वाटत होतं, तास तरी उलटला असेल. दार ढकलून मॅडम आत आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आनंदाचं.

"अरे, साहेबांचा फोन आला होता! म्हणाले, बावीस सेकंद गप्प बसायची हिंमत असलेला निवेदक पहिल्यांदा ऐकला. सकाळ तुझी! सोमवारपासून! अरे, बोल की काहीतरी!"

टकळीला बोलता येत नव्हतं. तो गोळ्या कचऱ्याच्या डब्यात थुंकत होता.

"छत्री?" त्यानं अखेर विचारलं. "मावशीचा गुडघा?"

"कसली छत्री?" मॅडम म्हणाल्या.

काचेपलीकडं दादा मात्र त्याची नजर चुकवत होते. त्यांनी आत येऊन पाहुण्यांच्या माईकची तार काढली, नीट गुंडाळली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सहा वाजता आजींचा फोन आला. "ऐकलं हो बाळा. अगदी स्वच्छ ऐकलं. मोठा हो."

"आजी, म्हणजे आता त्यांना... शांत वाटलं असेल ना?"

आजी हसल्या. "ह्यांना? अरे, ह्यांना कधी कुणी पूर्ण ऐकलंच नाही. एकदा ऐकणारा मिळाला की हे उठायचं नाव घेत नसत."

सोमवारपासून टकळीची सकाळ सुरू झाली. दारावरची पाटी त्यानं मॅडमशी भांडून काढायला लावली. आता तो एकाही गाण्याच्या सुरुवातीवर बोलत नव्हता. वाजवणाऱ्यांची नावं शोधून काढायचा, गाणं लावण्याआधी सांगायचा आणि मग हात जोडून गप्प बसायचा. मन कसं हलकं झालं होतं. पहिल्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर तो जिन्यात आला आणि त्यानं आईला फोन लावला.

"छान बोललास हो," आई म्हणाली. "पण तू बोलताना मागं ते कोण वाजवतं?"

"कुणी नाही. मी नुसता बोलतो."

"वाजतं रे. आणि काय हात आहे त्या माणसाचा! तू स्वतःचं नाव सांगतोस ना, त्याच्या नेमका एक श्वास आधी थांबतो. तुझ्या नावावर पाय म्हणून पडू देत नाही."

टकळीनं दादांकडून सकाळचं ध्वनिमुद्रण मागून ऐकलं. त्यात फक्त त्याचाच आवाज होता. मंगळवारीही आई तेच म्हणाली. शेजारच्या वहिनीही म्हणाल्या. औषधांच्या दुकानदारानं तर त्याच्याशी हात मिळवून सांगितलं, "तुमच्या बोलण्याआधीचं ते संगीत फारच सुंदर."

बुधवारी त्यानं जिन्यात जाऊन पुन्हा फोन लावला. खालच्या पायऱ्यांवर दिवा नव्हता.

"आई, आज ऐकलंस?"

"ऐकलं. आज फार वेळ वाजवलं त्यांनी. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं." आईनं नाक ओढलं. "पण आज ते तुझ्या नावापाशी थांबलेच नाहीत रे."

"थांबले नाहीत म्हणजे? मग मी बोललो ते?"

"हॅलो?" आई म्हणाली.

"आई, मी काय विचारतोय?"

"हॅलो... अरे, बोल ना काहीतरी."

"बोलतोय मी! आई! ऐकू येतंय ना?"

पलीकडं आई कान देऊन ऐकत राहिली. मग तिनं स्वयंपाकघरातल्या कुणाला तरी हाक मारली, फोन कानापासून दूर धरला असावा, आणि हळूच म्हणाली,

"अगं, इकडं ये... ऐक जरा. किती गोड वाजवतंय."