सातव्या आठवड्याची सुट्टी

बदनापूरचा मच्छिंद्र वजन उचलायला लागला की स्टेशनातली मालगाडी थांबायची, असं लोक सांगतात. साफ खोटं आहे. नुसती हळू व्हायची.

अशा या गड्याच्या हातून प्रभावतीची तुरीच्या बियाण्याची पाच किलोची पिशवी पडली! चौऱ्याण्णव सालचा हिवाळा, संध्याकाळच्या पाचच्या गाडीची वेळ. ती तिथल्या कृषी संशोधन केंद्रात कारकून, जालन्याहून जाऊन-येऊन करायची. हा स्टेशनामागच्या व्यायामशाळेत निघालेला. "आणा इकडं" म्हणून त्यानंच पिशवी ओढून घेतली अन् फलाटभर तूर सांडली.

"पहिलवान, हात थरथरून राह्यला की तुमचा!"

"दोन वर्षं झाले, एक दिवस नागा न्हाई आपला." दाणे वेचता वेचताही त्यानं छाती फुगवलीच.

"म्हणूनच. आराम बी लागतो. पुस्तकात लिहिलंय... सहा आठवडे वजन, सातव्याला सुट्टी."

"कोणत्या पुस्तकात?"

"लई जाड हाय. तुम्ही उचलाल, वाचणार न्हाई."

असलं पुस्तक नव्हतंच. दाणे वेचताना झुकलेल्या त्याच्या पापण्या तिला आणखी एकदा बघायच्या होत्या, एवढंच. त्याचा व्यायाम पाचला, तिची गाडी पाचला. त्याला सुट्टी मिळाल्याशिवाय गाठ पडायची कशी?

सातव्या आठवड्यात तो खरंच फलाटावर आला. बाकावर हातभर अंतर ठेवून बसला. गाडी उशिरा यावी म्हणून ती इतके नवस बोलली की त्या वर्षी मनमाडपासून सगळ्या गाड्या रखडल्या. सुट्टी संपल्यावर त्यानं पाच किलो जास्त उचलले. त्याचा पुस्तकावर विश्वास बसला, तिचा त्याच्यावर.

तिसऱ्या सुट्टीत त्यानं हळूच विचारलं, "दर चौथ्या आठवड्याला सुट्टी घेतली तर?"

"एवढ्या जल्दी दमता?"

"दमत न्हाई... करमत न्हाई."

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

मग शहागडचं स्थळ आलं. होकार कळवायच्या आधी तिनं वडलांना, आबांना, धावड्याहून बोलावून घेतलं, मुद्दाम सातव्याच आठवड्यात. मच्छिंद्रला काही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे आधी पुस्तकाची थाप कबूल करावी लागली असती ना... तो बाकावर येणारच होता. आबांनी एकदा माणूस समोर बघितला की पुढचं तिनं रेटलं असतं.

गुरुवारी पाचला बाकावर आबा अन् ती. स्टेशनामागून लोखंड आदळल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा. एवढं वजन बदनापुरात दुसरं कोणी उचलत नव्हतं.

"कुणाची वाट बघून राह्यली, बाई?"

"गाडीची, आबा."

गाडी त्या दिवशी नेमकी वेळेवर आली.

दोन महिन्यांनी, तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, तो फलाटावर दिसला. उजवा हात गळ्यात बांधलेला. तिच्या बोटात साखरपुड्याची अंगठी.

"राज्याची स्पर्धा तोंडावर आल्ती. म्हणलं, एक सुट्टी सोडू. दोनच दिवसांत खांदा गेला, तवापासून दवाखान्यातच होतो." तो कसंनुसं हसला. "तुमचं पुस्तक खरं निघालं."

"पुस्तक न्हवतंच..." तिचा आवाज फाटला. "तुम्ही इथं येऊन बसावं म्हणून म्या..."

तो रुळांकडं वळला.

"मंग तवाच सांगायचं, प्रभा. म्या पुस्तकाचा नियम मोडला. तुझा असता तर मोडला नसता."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. गाडी आली, ती चढली.

गाडी हलली तेव्हा खिडकीतून तिला दिसलं... निरोपाला त्यानं हात वर करायला घेतला. उजवा झोळीतून वर येईना. अन् डावा त्याला सुचला, तोवर फलाट मागं पडला होता.