उजवीकडचा टायर

कायसा लाहती टायरच्या दुकानात शिरली ती नाइलाजाने. नोव्हेंबरचा पहिलाच बर्फ पडला होता आणि वळणावर तिची एसयूव्ही घसरत जाऊन थेट दुकानाच्या पाटीला धडकली होती.

आतून हात पुसत एक उंच तरुण बाहेर आला. वाकलेली पाटी त्याने पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं.

"पाटी लांबूनसुद्धा वाचता येते, बरं का!"

"माफ करा... ब्रेक दाबला, पण गाडी थांबलीच नाही."

"थांबेल कशी? टायरांचा गोटा झालाय." तो गुडघ्यावर बसला. त्याचं नाव आर्वो. "कुठे फिरता एवढं?"

"मी नर्स आहे. सरोवराच्या काठाने घरोघरी जाते. बर्फ असो, ऊन असो, बाराही महिने. दोनदा टायर बदलायला वेळ नाही. एकच जोडी सांगा, वर्षभर चालणारी."

"मग नीट ऐका. थंडीचा मऊ टायर उन्हाळ्यात तापल्या रस्त्यावर झिजून जातो. उन्हाळ्याचा टायर थंडीत दगड होतो. तुम्हाला हवा मधला. डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी, असा शिक्का असलेला. फार मऊ नाही, फार कडक नाही, बारा महिने साथ देणारा."

"टायर सांगताय की नवरा?"

आर्वोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने समोरचा उजवा टायर चाचपला... आणि त्याचा हात थांबला. तो मागच्या टायरकडे गेला, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे आला.

"शेजारी कोण बसतं तुमच्या?"

"का? चौकशी करताय?"

"नाही... म्हणजे हो. पण खरंच विचारतोय. तुमचं स्टिअरिंग डावीकडे, तरी उजवी बाजू फार झिजलीय. चाकांची अलाइनमेंट ठीक आहे. कुणीतरी जडसं माणूस रोज शेजारी बसावं, तशी."

कायसाचं हसू मावळलं. दोन वर्षं ती एकटीच गाडी चालवत होती. पण काठाच्या रस्त्यावर, तीन बर्च झाडांच्या वळणाशी, रिकाम्या सीटचा पट्टा लावा म्हणून सांगणारी घंटी वाजायची. टिंग... टिंग... आणि दोन मैलांवर आपोआप थांबायची. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"कुणी नाही," ती हळूच म्हणाली.

 आर्वोने कालच आलेला चार टायरांचा नवा संच सोडवला. आडव्यातिडव्या रेघांची ती नक्षी अजून साऱ्या तालुक्यात कुणाच्या गाडीला नव्हती. नट आवळून झाल्यावर त्याने टोपी घातली.

"चालवून बघायला मी येतो. नवे टायर सुरुवातीला जरा निसरडे असतात."

"दुकान?"

"पाटी वाकलीय. कोण येतंय!"

दोघं काठाच्या रस्त्याला लागले. कायसाच्या पेशंट सारीआजींच्या जखमेची पट्टी बदलायची होती. बर्फ आता भुरभुरत नव्हता, ओतत होता. आर्वो उजवीकडे बसला होता, पट्टा लावून. तीन बर्च आले. कायसाने श्वास रोखला.

टिंग... टिंग...

या वेळी पट्ट्याचा दिवा मागच्या सीटचा लागला होता.

आर्वोने मागे वळून पाहिलं. सीट रिकामी होती. पण तिच्या मधोमध गादी खोल दबलेली होती, आणि आतल्या हवेला ओल्या लोकरीसारखा वास येत होता.

"माझे आजोबा सांगायचे," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "या वळणाशी एक टपालवाला बुडाला. तेव्हापासून तो सोबत शोधतो. मला वाटायचं, म्हातारा घाबरवतोय."

"मी त्याच्याशी बोलते," कायसा म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "दिवसभर आजारी माणसं, संध्याकाळी रिकामं घर... तो निमूट ऐकतो, आर्वो. दुसरं कुणी ऐकत नव्हतं."

"मी ऐकेन. फक्त मी मध्येमध्ये उत्तरं देतो, तेवढी खोड आहे."

ती हसणार, तोच वाऱ्याने रस्ता पुसून टाकला. पुढे, मागे, वर, सगळं पांढरं. काचेतून फक्त दोन ताजे चाकांचे माग दिसत होते.

"कुणीतरी पुढे गेलंय. त्याच्या मागोमाग जाऊ," म्हणत तिने स्टिअरिंग फिरवलं.

आर्वो पुढे झुकला. आडव्यातिडव्या रेघा. त्याच्या अंगावर काटा आला.

"कायसा, थांब! ही नक्षी आपल्याच टायरांची आहे. तासाभरापूर्वी मी बसवलेत ते, आणि इथून आपण अजून गेलोच नाही!"

तिने ब्रेक दाबला. गाडी थरथरली, रबराने बर्फात दात रोवले, आणि हातभर सरकून ती थांबली. वारा क्षणभर ओसरला. बॉनेटपुढे काठ संपला होता. खाली सरोवराचं काळं पाणी हलत होतं, आणि ते माग सरळ त्याच्यात उतरले होते.

 घंटी वाजतच होती.

कायसा खाली उतरली.  तिने मागचं दार सताड उघडलं.

"उतर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तू सोबत दिलीस, मी विसरणार नाही. पण तुझ्यासोबत मला यायचं नाही. मला जगायचंय."

काहीच दिसलं नाही. फक्त गादी हळूहळू वर आली, आणि दाराशी बर्फात दोन पावलं उमटली... मग आणखी दोन, पाण्याच्या दिशेने. घंटी थांबली. ती शांतता ऐकून तिला रडू फुटलं. आर्वोने काही न बोलता तिचे गारठलेले हात आपल्या कोटाच्या खिशात घेतले.

"उत्तर नाही देणार?" ती हुंदक्यातून म्हणाली.

"देतो की. रोज येईन. बर्फात, उन्हात. तू म्हणशील तोवर."

गाडी इंच-इंच मागे घेत त्यांनी रस्ता गाठला. सारीआजी दारातच उभ्या होत्या, हातात वेलदोड्याच्या पावाची ताटली घेऊन.

"किती उशीर, पोरी! कॉफी दोनदा निवली. आणि हा लांबोडका कोण गं?"

कायसाने आर्वोकडे पाहिलं. त्याच्या पापण्यांवर बर्फ होता आणि तो श्वास रोखून उभा होता.

"हा माझा आहे, आजी," ती म्हणाली.