घट्ट धरा, शंतनू सर

सणाच्या आधीचा गुलमंडीचा बाजार. गर्दी अशी, की हातातून सुटलेला रुमाल जमिनीला लागेपर्यंत संध्याकाळ व्हायची. त्या गर्दीत कराटे शिकवणाऱ्या शंतनूला दिसलं — तोंडाला ओढणी बांधलेली एक बाई कॉलेजातल्या मुलीची पर्स ओढतेय.

"सोडा तिला," म्हणून शंतनू ओठांत मोजत पवित्रे घेऊ लागला. पहिला सुरेख, दुसरा त्याहून सुरेख... तिसऱ्याआधीच त्या बाईनं त्याला चादरींच्या ढिगावर उताणं पाडलं. दुकानदार शपथेवर सांगतो, त्या दणक्यानं घड्याळ दहा मिनिटं पुढं गेलं.

ओढणी सुटली. टपोरे डोळे, गालावर घाम.

"मी मृण्मयी. हिची स्वसंरक्षणाची कोच. सराव चाललाय आमचा."

"असा? भर बाजारात?"

"पर्स बाजारातच ओढतात ना. आणि तुमच्यासारखं ओठांत एक-दोन-तीन मोजून कुणी ओढत नाही."

शंतनूचे कान लाल झाले. दुसऱ्याच दिवशी तो पुंडलिकनगरातल्या तिच्या सोसायटीच्या हॉलवर हजर.

"शिकायचंय मला."

"आधी धरायला शिका," ती हसली. "माझ्या मुलींना दांडगा धरणारा पाहिजे."

तिच्याकडं डावांना नंबर नव्हते. कधी खुर्च्यांच्या बोळात, कधी हातात भाजीची पिशवी... ती एवढंच विचारायची, "आता तुझं काय मोकळं आहे — हात, पाय, डोकं?" पुढचं मुलींनी शोधायचं.

सोसायटीचे अध्यक्ष बद्रीनाथकाका मात्र वैतागले. "हा धिंगाणा आहे. कराटे कसं, ओळीत, तालात! रविवारी दाखवा काय येतं ते. नाहीतर सोमवारपासून हॉल दुसऱ्याला."

मृण्मयीचा चेहरा उतरला. हॉल गल्लीतच, म्हणून तर आया मुलींना पाठवत. हॉल गेला की मुली घरात.

शंतनूनं मग मदत केली — म्हणजे पकड हळूच सैल सोडू लागला. पटापट सुटू लागल्या सगळ्या. शनिवारी मृण्मयीनं स्वतःचं मनगट पुढं केलं. तीही सुटली... फारच सहज.

"तुम्ही सोडता."

"दुखेल म्हणून..."

"इथं खोटं शिकल्या तर रस्त्यावर दुखेल, सर. उद्या असं केलंत, तर परत येऊ नका."

रविवारी मुलींमधली नौशीन पुढं आली. शंतनूनं मागून तिला कव घातली. तिनं हिसका दिला — काही नाही. पुन्हा — काही नाही. काका खाकरले. शंतनूनं मृण्मयीकडं पाहिलं... सोडू? तिनं ओठ असा चावला होता, की रक्त यायचं बाकी होतं, पण मान हलली — नाही.

त्यानं आणखी आवळलं.

नौशीननं ओढणं थांबवलं. एकदम खाली बसली, त्याचा पाय कवटाळला आणि मागं रेलली. सर सपाट.

"कितव्या नंबरचा डाव हा?" काकांनी विचारलं.

"नंबर नै काका," ती धापा टाकत म्हणाली. "सर छोडेच नै, तो मेरेकू सूझ गया."

काकांनी शेजारी बसलेल्या स्वतःच्या नातीकडं पाहिलं. म्हणाले, "हिलाही घ्या सोमवारपासून."

हॉल रिकामा झाला. शंतनू खांद्यावर बर्फ धरून बसलेला.

"मृण्मयी, तुम्हाला भेटल्यापासून माझ्या आयुष्याला एक नवी..."

"पाठ केलंय?"

"...व्हय. रात्रभर."

"आणि मी मध्येच विचारलं, की माझ्यात काय आवडलं, तर?"

तो गडबडला. हे पाठांतरात नव्हतं. बर्फ बोटांतून गळू लागला...

"काल तुम्ही परत येऊ नका म्हणालात ना, तेव्हा लई भीती वाटली," तो शेवटी म्हणाला. "हॉल जाईल याची नाही. तुम्ही दिसणार नाही याची."

त्याच्या हातातला बर्फ घेऊन मृण्मयीनंच खांद्यावर धरला — थोडा जवळून.

"उद्या आईला भेटायला या. ती माझ्यापेक्षा अवघड जागी धरते."

"तयारी काय करू?"

"काहीच नको," ती म्हणाली. "फक्त पळू नका."