साठ किलोंचा पाहुणा

ही गोष्ट खरी आहे. खोटं सांगून मला काही मिळणार नाही, उलट ओळखीच्या बायका हसतील. तरी लिहितेय, कारण घरात कुणाला सांगायची सोय नाही आणि माझं डोकं फुटायची वेळ आली आहे.

तारीख पक्की सांगते. ८ फेब्रुवारी २०२५, शनिवार. जागा पन्हाळ्याच्या मागच्या अंगाचा एक तलाव. नाव सांगणार नाही. तुमच्यातले चार उत्साही लगेच मोबाईल घेऊन पळतील.

मी अनुजा. कसबा बावड्यात राहते, शाळेत गणित शिकवते. माझे मिस्टर उदयसिंह फौंड्रीच्या ओतकामाला लागणारे लाकडी साचे बनवतात. हात इतका नेमका की सुतासुताचा हिशेब. स्वभाव इतका हट्टी की विचारू नका.

दोन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला. वाचले. पण घरी आला तो माणूसच वेगळा. बोलणं बंद. हसणं बंद. आणि जेवण तर जवळजवळ बंदच. अर्धी भाकरी चिवडायची आणि ताट बाजूला सारायचं. मी रडले, भांडले, पाया पडले. काही उपयोग नाही.

मग एक दिवस त्यांनी शेडमध्ये प्लायवूड आणून टाकलं आणि शिडाची होडी बांधायला घेतली.

कोल्हापुरात!

समुद्र कुठं, आम्ही कुठं. पण बारा फुटांची होडी झाली. शीड पडदे शिवणाऱ्याकडून शिवून घेतलं. बोलेरोच्या मागं जोडायला स्वतः वेल्डिंग करून ट्रेलर केला. दर दुसऱ्या शनिवारी नवा तलाव. रात्री शिडाच्या आडव्या दांडीवर ताडपत्री टाकायची आणि होडीतच झोपायचं. सोबत कोण? मी.

माझी कंबर धरायची. डास फोडून खायचे. रस्त्यात प्रत्येक चहाच्या टपरीवर एकच प्रश्न, "पावणं, ह्ये घिऊन कुठं निघालासा?" मी तोंड वळवून बसायची.

पण त्या होडीत बसला की हा माणूस दोन भाकऱ्या खायचा. मागून खायचा. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. म्हणून चिडत, धुसफुसत का होईना, मी जायची.

तर ८ फेब्रुवारी.

ट्रेलर उलटा घेऊन होडी पाण्यात सोडायलाच दीड तास गेला. एकदा चाक चिखलात, एकदा दोर अडकला. उदयसिंह माझ्यावर ओरडले, मी त्यांच्यावर. शेवटी काठापासून वीस-पंचवीस फुटांवर नांगर टाकला आणि मी डबा उघडला. दिवस मावळत होता. भाकरी, पिठलं, दही, कांदा आणि माझा खर्डा. माझा खर्डा खाऊन भलेभले पाणी मागतात, हे आधीच सांगून ठेवते.

घास मोडणार, एवढ्यात काठावर एक माणूस दिसला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. गुडघाभर पाण्यात उभा. आमच्याकडंच बघत होता.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत असेल. ताटावर बसलेलं असताना कुणी समोर आलं, तर त्याला बोलावल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. ओळख असो, नसो. आपण म्हणायचं, "या जेवायला." त्यानं म्हणायचं, "बसा, बसा, चालू द्या." तो काही येत नाही. यायचं नसतंच. बोलण्याची एक पद्धत, बस्स.

मी सवयीनं हाक मारली. "या पावणं, जेवायला!"

तो काहीच म्हणाला नाही.

"बसा" नाही… "चालू द्या" नाही… काहीच नाही.

मी भाकरी वाढायला खाली वाकले. वर बघते तर काठावर कुणी नव्हतं. मला वाटलं, गेला असेल. बिनरीतीचा माणूस.

आणि होडी डाव्या अंगाला कलली…

कुणी कडेला हात टेकून वर चढलं की कलते, तशी.

"हलू नका हो," मी म्हणाले.

"मी कुठं हाललोय?" उदयसिंह म्हणाले.

ते खरंच हलले नव्हते.

मग त्यांनी पिठलं तोंडात घातलं आणि थांबले. "मीठ घालायचं विसरलीस काय गं?"

मी भडकले. दीड तास चिखल तुडवून वर हे ऐकायचं? मी घास घेतला. पिठल्याला चव नव्हती. दह्याला आंबटपणा नव्हता. म्हणून खर्डा घेतला, चांगला बोटभर.

खर्डा तिखट नव्हता…

जिभेवर नुसता ओला चोथा. सकाळी मी स्वतः चाखून डब्यात भरला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्या रात्री तलावावर बेडूक ओरडला नाही. रातकिडा नाही. पाणी होडीच्या कडेला लागून चुळुकचुळुक वाजतं, तेही फक्त उजव्या बाजूला. डावी बाजू गप्प होती. आणि उदयसिंह अर्धी भाकरी टाकून झोपले होते. मला त्या शांततेपेक्षा त्या अर्ध्या भाकरीचा जास्त संताप आला.

पुढचा तलाव कागलच्या पुढं, २२ फेब्रुवारीला. जाताना बोलेरो चढाला धापा टाकत होती. ट्रेलरचं डावं टायर दबलेलं. होडी पाण्यात सोडली तर डावी कड चार बोटं खाली.

झालं. ज्यांचा सुताचा हिशेब चुकत नाही, त्यांची होडी वाकडी! उदयसिंह पेटले. पाण्याचे कॅन उजवीकडं घेतले. नांगर उजवीकडं. बॅटरी उजवीकडं. मग मला म्हणाले, "तू उजवीकडं बस." बसले. होडी तशीच.

"माझं वजन कमी पडलं का आता?" मी विचारलं.

"गप की जरा!" ते खेकसले.

काठावर एक म्हातारी धुणं धूत होती. बराच वेळ आमची तारांबळ बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"अवो बाई," ती ओरडून म्हणाली, "त्या तिसऱ्याला मधी सरकवा की! कडंला कशाला बसवलाय त्याला?"

मी हसले. "आजी, आम्ही दोघंच आहोत."

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून पुन्हा बघितलं…

मग तिनं अर्धं धुतलेलं धुणं गोळा केलं आणि निघून गेली. एक लुगडं दगडावर तसंच राहिलं. मी हाका मारल्या, ती वळली नाही.

त्या संध्याकाळी डबा उघडायची मला भीती वाटत होती. उघडला. परत तेच. मिठाला खारटपणा नाही, मिरचीला तिखटपणा नाही. उदयसिंहांनी दोन घास खाऊन डबा सरकवला. पुन्हा तेच सरकवणं, दोन वर्षांपूर्वीचं!

मी सगळं बोलून टाकलं. तो माणूस, माझी हाक, त्या आजीचं बोलणं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लाकूड पाणी पितंय, अनू. तळावर चढवलेलं फायबर कुठंतरी फाटलंय. भुताखेताचं काय घिऊन बसलीस? गणिताची बाई तू."

घरी आल्यावर त्यांनी ओळखीच्या काट्यावर ट्रेलर नेला. उसाच्या गाड्या तोलतात तो काटा. होडी नवी असताना ट्रेलरसकट ३९० किलो भरली होती.

आता ४५०.

"बघ, साठ किलो पाणी प्यालंय," ते म्हणाले. आठवडाभर त्यांनी होडी उन्हात वाळवली. तळ घासला. नवं फायबर चढवलं. मग पुन्हा काट्यावर नेली.

४५०.

साठ किलो म्हणजे एक बारीक चणीचा माणूस. हे गणित मला येत होतं.

मी म्हणाले, "पन्हाळ्याच्या तलावावर परत जाऊ. बोलावला तिथंच त्याला सोडून येऊ."

तर हे म्हणतात, "एकाच तलावावर दोनदा? मग ट्रेलर कशाला बांधलाय मी?"

अशा माणसापुढं काय डोकं आपटायचं, सांगा.

८ मार्चला राधानगरी रोडच्या बाजूचा तिसरा तलाव. महिला दिन होता. शाळेत गुलाब मिळाला आणि घरी ही सहल. पण या वेळी मी मनाशी ठरवून गेले होते. पाहुणा आपण बोलावला, तर निरोपही आपणच द्यायचा. उपाशी नाही, रागानं नाही. रीतसर.

दिवस मावळताना उदयसिंह काठावर ट्रेलरला दगड लावायला उतरले. मी होडीत एकटी. मी एका ताटलीत भाकरी वाढली, वर पिठलं, बाजूला खर्डा. शेजारी पानाचा विडा ठेवला. ताटली डाव्या कडेला सरकवली.

"पावणं, पोटभर जेवा," मी म्हणाले. "चुकलंमाकलं असंल तर माफ करा. आता सावकाश जावा आपल्या घरला."

काही झालं नाही.

मग विड्याचं पान हळूच उलगडलं… वारा नव्हता…

आणि होडी वर आली. चार बोटं. अगदी सरळ.

उदयसिंह काठावरून ओरडले, "आरं वा! बसलं की फायबर! बघ, म्हटलं नव्हतं तुला?"

मी रडत होते. त्यांना वाटलं, आनंदानं. खरंच आनंदानं. त्या रात्री खर्डा असा झणझणला की दोघांच्या नाकातून पाणी आलं. त्यांनी अडीच भाकऱ्या खाल्ल्या. बेडूक ओरडत होते. मी कित्येक दिवसांनी गाढ झोपले.

गोष्ट इथं संपायला हवी होती.

पहाटे जाग आली. तलावावर दाट धुकं. उदयसिंह उठून बसले होते, स्टोव्हवर चहा ठेवत होते.

बेडूक थांबले…

मग धुक्यातून आवाज आला. लांबून, तलावाच्या मधोमध. आणि खालून, पाण्याला तोंड लावून बोलावं तसा. घाबरवणारा नव्हता. चांगला अदबशीर होता. चार माणसांत मान असलेल्या माणसाचा असतो, तसा.

"पावणं… लई खाल्लं तुमचं…"

मी गोठले.

"आता तुमी यायचं… आमच्याकडं जेवाय…"

उदयसिंहांनी आवाजाकडं मान वळवली. या माणसानं जन्मात कुणाचं आमंत्रण मोडलेलं नाही. "व्हय की, येतो" हे त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मी झेप घेतली आणि त्यांचं तोंड दाबलं. दोन्ही हातांनी. चहा उलटला, माझा पाय भाजला, पण मी हात काढला नाही.

ते बोलले नाहीत. एक शब्द बोलले नाहीत.

पण माझ्या तळहाताखाली त्यांची मान हलली…

एकदाच. वरून खाली.

परत येताना मी रस्ताभर भांडले. "मान का हलवली?" ते म्हणत होते, "डास बसलेला गं मानेवर. आणि कसला आवाज? म्या न्हाय ऐकला." काट्यावर ट्रेलर बरोबर ३९० भरला.

महिन्याभरात मी होडी विकायला लावली. मला वाटलं होतं, महाभारत होईल. ते शांतपणे म्हणाले, "दे विकून. आता होडीची गरज न्हाय." मिरजेचा एक जण ट्रेलरसकट घेऊन गेला. त्याला मी तीनदा फोन करून विचारलं. त्याची होडी सरळ आहे, जेवणाला चव आहे, सगळं उत्तम आहे.

आता वर्ष होत आलं. उदयसिंह खूश असतात. बोलतात, हसतात, शेडमध्ये गुणगुणतात. पण ७४ किलोंचा माणूस ५७ वर आलाय. तीन डॉक्टर झाले. सगळे रिपोर्ट साफ. प्रत्येक डॉक्टर मलाच विचारतो, "घरी नीट जेवतात ना?" आणि मला त्या डॉक्टरची मानगूट धरावीशी वाटते.

रोज ताट वाढते. रोज ते ढेकर देऊन म्हणतात, "नको, जेवलोय मी."

मी पाळत ठेवली. ते कुठं जात नाहीत. रात्री माझ्या शेजारी असतात. कड्या मी लावते, किल्ल्या माझ्या उशाखाली असतात. फक्त पहाटे कधी त्यांच्या अंगावर हात टाकला, तर अंग गार लागतं.

मला राग येतो. त्या काठावरच्या माणसाचा येतो, यांचा येतो. सगळ्यात जास्त माझ्या जिभेचा येतो. न बोलावता एक घास खाल्ला असता, तर काय बिघडलं असतं?

परवा रविवारी माझा धीर सुटला. मी ताट आपटलं. पिठलं फरशीवर सांडलं. ओरडून विचारलं, "कुठं जेवता तुम्ही? माझ्यापेक्षा चांगलं काय वाढतात तिथं?"

ते जरा ओशाळले. माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"तसं साधंच असतंय गं," ते म्हणाले. "पर लई आग्रह करत्यात."